सोव्हिएत घरातला टेपरेकॉर्डर फक्त बंडखोरांचा नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सोव्हिएत काळातल्या टेपरेकॉर्डरवरचा लेख वाचला. हा विषय घेतलात याचाच मला फार आनंद झाला कारण मराठीत यावर कुणी फारसं लिहीत नाही, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून हे पत्र. लेखात सगळं काय, तर गायक-कवी व्हिसोत्स्की, बंदी, केजीबी आणि दारं-खिडक्या लावून चोरून गाणी ऐकणारी माणसं. हे खोटं नाहीये, पण त्या गोष्टीचा हा जेमतेम एक कोपरा झाला, आणि त्यातसुद्धा रीळवाली मशीन आणि कॅसेटवाली मशीन यांची पार सरमिसळ झालीये. मी ऐंशीच्या दशकात खारकीवला इंजिनिअरिंग शिकायला होतो, आमच्या हॉस्टेलमध्ये कॅसेट हा रोजच्या जगण्याचा भाग होता, म्हणून थोडं अधिकाराने लिहितोय.

पहिलं म्हणजे फोटो. खाली ओळ छापलीये ‘सोव्हिएत कॅसेट रेकॉर्डर’ आणि फोटोत चक्क दोन मोठी रिळं दिसतायत! वाचणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल पण सगळा इतिहासच त्यावर उभा आहे. ओकुद्जावा, गालिच, व्हिसोत्स्की या गिटारवर स्वतःच्या रचना म्हणणाऱ्या कवींची गाणी साठच्या दशकात देशभर गेली ती रिळांवरून. घरगुती रीळ मशीन तिथे १९४९ पासून होती, कीएव्हचं ‘द्नेप्र’ हे पहिलं, मग मॉस्कोचं ‘याउझा’ आलं, आणि गालिचने तर आपल्या एका गाण्यात याउझाचं नाव घेऊन सांगितलंय की हे एवढं एक मशीन असलं की पुरे. कॅसेट खूप नंतरची. फिलिप्सने ती १९६३ ला बर्लिनच्या प्रदर्शनात आणली आणि पहिला सोव्हिएत कॅसेट रेकॉर्डर ‘देस्ना’ आला १९६९ ला, तोही आमच्या खारकीवच्या ‘प्रोतोन’ कारखान्यातून, सरळ सरळ फिलिप्सच्या मशीनवरून बेतलेला. मग झापोरोझ्येचं ‘वेस्ना’, गोर्की शहरातलं ‘रोमान्तिक’, आणि सत्तरच्या दशकात ती ‘एलेक्त्रोनिका-३०२’, जी मी ज्याच्या त्याच्या घरी पाहिली. व्हिसोत्स्की जुलै १९८० मध्ये गेला, मॉस्को ऑलिंपिक चालू असताना, तेव्हासुद्धा त्याच्या जुन्या चाहत्यांकडे रिळांचाच साठा असायचा, कॅसेट ही जास्त करून त्यांच्या मुलांची वस्तू होती.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुमच्या लेखात सरकार एकीकडे आणि टेपरेकॉर्डर दुसरीकडे अशी मांडणी आहे. पण ती मशीन बनवत कोण होतं? सरकारच! कारखाना सरकारी, दुकान सरकारी, दुरुस्तीचं वर्कशॉप सरकारी. कित्येक मशीनच्या तोंडावर तो पंचकोनी सरकारी क्वालिटी मार्क असायचा जो १९६७ पासून देत होते. मॉडेलचा नंबरही सरकारी नियमाने ठरायचा, त्यातला पहिला आकडा म्हणजे मशीनचा दर्जा, म्हणजे ३०२ हे तिसऱ्या दर्जाचं, २०२ दुसऱ्या, आणि शून्याने सुरू होणारं सगळ्यात वरचं, त्यामुळे दुकानात नुसता नंबर वाचून माणूस ओळखायचा की हे आपल्याला झेपणारं आहे की नाही. आणि बॉक्समध्ये मशीनसोबत काय मिळायचं माहितीये? त्याचा ‘पासपोर्ट’ म्हणजे माहितीपुस्तिका, आणि पूर्ण सर्किट डायग्राम! प्रत्येक ट्रान्झिस्टर, प्रत्येक रेझिस्टर त्यावर. शिवाय ‘रादियो’ नावाचं मासिक निघायचं, त्यात हे मशीन कसं सुधारायचं, आवाज कसा स्वच्छ करायचा, हे लेख यायचे आणि लोकं वाचून खरंच सोल्डरिंग गन घेऊन बसायची.

ज्या देशात फोटोकॉपीचं मशीन कुलूपबंद खोलीत असायचं आणि त्याच्या प्रत्येक कागदाचा हिशोब लागायचा, त्याच देशात आवाजाची कॉपी काढायचं मशीन दुकानात गॅरंटीसकट विकायला होतं. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरकारला लोकांनी गाणी ऐकावीत, भाषा शिकाव्यात, पोरांनी इलेक्ट्रॉनिक्समध्ये रस घ्यावा असं मनापासून वाटत होतं, म्हणून मशीन बनवली, आणि एकदा ती घरात गेली की तिच्यावर काय वाजतंय हे घरातल्या माणसांच्या हातात आलं.

कॅसेटबद्दल तर लेखात एक ओळही नाही. नेहमीची सोव्हिएत कॅसेट म्हणजे एमके-६०, दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं, किंमत चार रुबल. तेव्हा मेट्रोचं तिकीट पाच कोपेकचं होतं (शंभर कोपेकचा एक रुबल), म्हणजे एका कॅसेटच्या पैशात मेट्रोच्या ऐंशी फेऱ्या झाल्या असत्या, आणि १९८० ला सरासरी पगार महिन्याला १७० रुबलच्या आसपास, त्यात मशीनच शंभरच्या वर. त्यामुळे कॅसेट कुणी टाकून द्यायचं नाही, एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं, आणि नीट ऐकलं तर दोन गाण्यांच्या मधल्या जागेत आधीच्या रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा राहिलेला सापडायचा. टेप बनायची शोस्त्काच्या ‘स्वेमा’ आणि कझानच्या ‘तास्मा’ कारखान्यात. तिचा चॉकलेटी थर मशीनच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसायचा आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा, मग काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट, तेही नसेल तर कोलोन, आणि हेड पुसायचं. चाकं चिक चिक वाजायची. मशीन टेप खायची म्हणजे रोलरमध्ये घालून तिचा पार चुरगाळा करायची, तो बोटाने सरळ करायचा, तुटली असेल तर नेलपॉलिशच्या थेंबाने चिकटवायची, आणि सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून फिरवत परत आत घ्यायची. बॅटरीचे सेल महाग आणि लवकर संपणारे म्हणून रिवाइंड शक्यतो पेन्सिलनेच. जपानी आणि जर्मन कॅसेटी होत्या पण त्या ओदेसाच्या, लेनिनग्रादच्या, व्लादिवोस्तोकच्या खलाशांकडून नाहीतर सेकंडहँड मालाच्या कमिशन दुकानातून, आणि ज्याच्याकडे शार्पचं मोठं दोन स्पीकरवालं मशीन असेल त्याच्या खोलीत गर्दी ठरलेली.

कॉपी करायची तर दोन मशीन लागायची. दोन मशीनवाला माणूस क्वचित, म्हणून कुणीतरी आपलं मशीन उचलून दुसऱ्याच्या घरी न्यायचं, पाच पिनांची केबल लावायची आणि मग साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं बसायचं, दुसरा मार्गच नव्हता. त्या वेळात चहा व्हायचा, बटाटे तळले जायचे, भांडणं व्हायची, लग्नंही जुळली असतील. आणि खोलीतल्या मायक्रोफोनने रेकॉर्ड करत असाल तर तासभर सगळ्यांनी गप्प बसायचं! चौथ्या-पाचव्या कॉपीपर्यंत झांजांचा आवाज नाहीसा व्हायचा, खरखर वाढायची, इंग्रजी शब्द तर काहीच कळायचे नाहीत, तरी पोरं जीव लावून ऐकायची. माझं मत विचाराल तर या तासभर एकत्र बसण्याने त्या समाजात जेवढं घडलं तेवढं गाण्यांच्या शब्दांनीसुद्धा घडलं नसेल.

बरं, वाजत काय होतं? बंदी होती, मान्य. जानेवारी १९८५ मध्ये निकोलायेव प्रांताच्या कोमसोमोल कमिटीने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेने, परदेशी बँडची एक यादी काढली, समोर प्रत्येकाचा गुन्हा लिहिलेला. ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, किस तर आहेतच, पण हुलिओ इग्लेसियाससमोर नवफॅसिझम आणि टीना टर्नरसमोर सेक्स असं लिहिलंय, आणि पिंक फ्लॉइडवर ठपका अफगाणिस्तानबाबतच्या सोव्हिएत परराष्ट्र धोरणाचा विपर्यास केल्याचा. पण मला यादीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते, की डिस्को भरवणारी कोमसोमोलचीच पोरं होती आणि त्यांच्या कॅसेटी आमच्यासारख्याच होत्या. आणि बंदीचं सोडून जे होतं ते कितीतरी जास्त. गायिका पुगाचोवा. सान रेमोच्या गाण्यांच्या महोत्सवानंतर वेड लावणारे इटालियन गायक. ज्वानेत्स्कीचे विनोदी किस्से, जे छापून यायच्या कितीतरी आधी लोकांना तोंडपाठ असायचे. न्यूयॉर्कला गेलेल्या विली तोकारेवची गाणी, टॅक्सीत हमखास. बीबीसीवरून सेवा नोवगोरोद्सेव्हचा गाण्यांचा कार्यक्रम, १९७७ पासून, तो रेडिओवरून रेकॉर्ड करायचा तर मधे जॅमिंगची, म्हणजे परदेशी स्टेशन ऐकू येऊ नये म्हणून सरकार सोडत असलेली, घरघर आलीच, ती जानेवारी १९८७ ला थांबली. अफगाणिस्तानातल्या सैनिकांनी गिटारवर रचलेली गाणी कॅसेटमधून घरी आली, युद्धाबद्दल पेपरात जे येत नव्हतं ते आयांनी त्या कॅसेटवर ऐकलं. आणि घरातले आवाज! पहिलीतल्या मुलीची कविता, नवीन वर्षाच्या रात्री आजोबांचं भाषण, दूर नोकरीला गेलेल्या मुलासाठी पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट. हे कुठल्याच इतिहासात येत नाही आणि तुमच्याही लेखात नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

लेनिनग्रादच्या रॉकबद्दल दोन वाक्यं आहेत, पण त्यातला मुख्य माणूसच राहिलाय, आंद्रेई त्रोपिल्लो. ओख्ता भागात शाळकरी मुलांसाठीचं सरकारी केंद्र होतं, पायोनियर हाउस, तिथे तो मुलांना साउंड रेकॉर्डिंग शिकवायचा, आणि त्याच स्टुडिओत आक्वारियुम, किनो, झूपार्क या बँडचे अल्बम रेकॉर्ड झाले. किनोचा पहिला अल्बम १९८२ चा, तिथलाच. मास्टर रिळावर, त्यावरून कॉप्या, आणि बॉक्सवर हाताने चिकटवलेला फोटो. म्हणजे इथेही भिंती आणि वीज सरकारचीच, त्यात गाणी या पोरांची. या माणसाबद्दल मला प्रचंड आदर आहे, त्याच्यावर एक अख्खा लेख व्हायला हवा.

शेवटची काही वर्षं तर तुम्ही सोडूनच दिलीत. रेकॉर्डिंगच्या टपऱ्या आल्या होत्या, भिंतीवर टाइप केलेली यादी, त्यातलं निवडायचं, आपली कॅसेट आणि पैसे द्यायचे, दोन दिवसांनी या. १९८८ च्या सहकारी संस्थांच्या कायद्यानंतर तर त्या गल्लोगल्ली झाल्या. त्याच वर्षी ऑरेनबुर्गच्या एका अनाथाश्रमशाळेत संगीत शिकवणाऱ्या कुझ्नेत्सोव्हने तिथल्या युरा शातुनोव नावाच्या पोराच्या आवाजात गाणी रेकॉर्ड केली, टेप स्टेशनवरच्या टपरीवाल्याला दिली, आणि रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून ती देशभर गेली. ना टीव्ही ना रेडिओ ना मेलोदिया ही सरकारी रेकॉर्ड कंपनी. लास्कोवी माय हा त्यांचा ग्रुप स्टेडियम भरायला लागला. यात राजकारण शून्य, बंड शून्य, नुसती प्रेमाची गाणी, आणि तरीही माझ्या मते सोव्हिएत कॅसेटची ताकद कळते ती इथे.

तर विनंती दोन. एक, पुढच्या अंकात फोटोखालची ओळ दुरुस्त करावी. दोन, लेखाचा दुसरा भाग काढावा आणि त्यात या टपऱ्या, दुरुस्तीची दुकानं आणि घरातली रेकॉर्डिंग्ज यांना जागा द्यावी. त्या काळात तिकडे शिकलेले तुमचे वाचक पुष्कळ असतील, त्यांना आवाहन करा. आणि ज्यांच्याकडे जुन्या एमके-६० अजून पडून असतील त्यांना एवढंच कळवा की लगेच मशीनमध्ये टाकून प्ले करू नका, आधी हाताने दोन्ही टोकांपर्यंत एकदा हळू फिरवून बघा, हेड स्पिरिटने पुसा, आणि पहिल्या प्लेलाच कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू ठेवा कारण थर सुटायला लागलेली टेप दुसऱ्यांदा तशीच वाजेल याची खात्री नाही.

आपला,
एक नियमित वाचक