रेघ पुन्हा वर आली

प्रिय दिन्या,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा त्याच्या जागी कुरकुरतोय. लिहायला बसलो कारण गाडीच्या आपल्या त्या कन्सोलवर रंगातून रेघ वर आली. बरोबर सांध्यावर, फुटपट्टीने ओढल्यासारखी. सुऱ्या म्हणतो, दिसत नाही. तुला अंधारातही दिसेल, म्हणून तुलाच सांगतोय.

नख फिरवलं तर अडकतं. म्हणजे सांधा हललाय. नुसती पुट्टी आकसली असती तर रुंद, उथळ पट्टा दिसला असता आणि नख सरळ पुढे गेलं असतं. तेव्हा ‘प्रायमर घाईत मारला’ हे तुझं लाडकं कारण या वेळी चालणार नाही. आपण एबीएसचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा पॅनेल आणि एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची रिंग कडेला कड लावून चिकटवली आणि फट पुट्टीने भरली. बंद गाडी उन्हात तापते. तापमान ४० अंशांनी चढलं की ६० सेंटिमीटरचा एबीएसचा तुकडा जवळपास २ मिलिमीटर वाढतो. एमडीएफ त्या मानाने ढिम्म. ताण येतो पुट्टीवर, आणि पुट्टी वाकत नाही, तडकते.

आणि तू नवा डॅशबोर्ड तसाच जोडायला घेतलायस! हीच काळजी. प्रायमर मारला नसशील तर थांब.

रिंग एमडीएफची नकोच, ती एबीएसच्या पत्र्यातून काप. दोन्ही बाजू एकाच जातीच्या असल्या की एकत्र फुगतात, एकत्र आकसतात. मात्र आधी पॅनेलच्या पाठीवरचा शिक्का वाच. तिथे पीपी (पॉलिप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) असेल तर ॲसिटोन त्याला विरघळवत नाही आणि रेझिन पापुद्र्यासारखं सुटतं. मग पीपीच्याच कांडीने वेल्डिंग, आणि पुट्टी-प्रायमरच्या आधी ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे पकड देणारा हात. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा चुरा झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेव, मधासारखा दाट होईपर्यंत. सांध्याच्या कडा व्ही आकारात तासून तो पातळ थरांत भर, दोन थरांत एक दिवस जाऊ दे. एकदम जाड भरलास तर आत ॲसिटोन अडकतं, बुडबुडे येतात आणि पंधरवड्याने खळगा पडतो. (खिडकी उघडी ठेव, आणि बरणीजवळ विडी नको. अण्णांच्या भुवया आठव.)

एमडीएफ ठेवायचंच असेल तर पुढून काही करू नकोस, मागून बांध. एबीएसवर रिंगची कड २५ मिलिमीटर चढू दे, त्या पट्ट्यात १५-१५ मिलिमीटरवर ३ मिलिमीटरची भोकं पाड, पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत कर आणि इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूच्या (फायबरच्या) विणलेल्या कापडाचे दोन थर दे. कापड म्हटलंय, सुटे तंतू चिकटवून केलेली मॅट नव्हे. मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट ताठच राहते. एमडीएफच्या कापलेल्या कडांना रेझिन पाज, नाहीतर त्या फुगतात. एवढं करूनही लांब सांध्यावर माझा भरवसा नाही. तिथे ३ मिलिमीटरची मुद्दाम खाच ठेव. तू म्हणशील, ‘सांधा दिसला तर कारागिरी कसली?’ या वादावर आपण एकदा आठवडाभर अबोला धरला होता. माझं मत तेच आहे, आणि आता पुरावाही आहे.

बाकीचं तुला येतं, तरी तुझ्या खोडी माहीत आहेत म्हणून लिहितो. पेपर मारायच्या आधी डिग्रीझरने पुसून घे. डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन राहिलं तर पेपर ते आत रगडतो आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे उठतात. पुट्टीला १०० ग्रॅममागे २ ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलास तर त्याचा डाग फिकट रंगातून वर येतो. पेपर ८० आणि मग १८०, ठोकळ्यावर. बोटांनी घासलंस की चर पडतात. पुट्टीला पाणी लावू नकोस, ती शोषते. हाय-बिल्ड प्रायमरचे दोन-तीन हात, त्यावर काळा गाइड कोट भुरभुरव, ३२० आणि मग ४००. काळं जिथे उरेल तिथे खड्डा. क्लिपांच्या कडांवर मिलिमीटरभर जागा सोड, रंगाचीही जाडी असते.

प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणाला हात लावायचा नाही. ते मागच्या पातळ रेषेवर फाटण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यावर पुट्टी किंवा फायबर चढलं की उघडताना अडतं, नाहीतर तुकडे तोंडावर येतात. इथे वाद नको.

वहिनींची बदली झाली का? पिंकीच्या परीक्षेचं काय? तुझ्या दुकानाच्या छताचं वाचलं, त्यावर सविस्तर पुढच्या वेळी.

प्रायमर मारलास का, तेवढं आधी कळव. मारला असशील तरी कळव, खरवडायला मी येतो.

तुझा,
बाळ्या