हाडावरच्या डागाचं उत्तर मिळेपर्यंत : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्री. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
(प्रत : मा. श्री. हसन मुश्रीफ साहेब, वैद्यकीय शिक्षण मंत्री)

सप्रेम नमस्कार.

माझ्या बोन स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या आठव्या बरगडीवर एक डाग दिसला आहे. तो कशाचा, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झाले. अलीकडे पाठ दुखू लागली, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (हाडात काही बिघडलं तर वाढू शकणारं एक एन्झाइम) वाढलेलं निघालं, म्हणून डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला. रिपोर्ट इंग्रजीत आहे. त्याचा मथितार्थ असा की या जागी स्कॅनसाठी दिलेलं औषध जास्त साठलंय, कारण नक्की सांगता येत नाही, सीटी स्कॅन करून खात्री करावी. सीटीची तारीख लांबची मिळाली. डॉक्टर बाहेरगावी आहेत. मधले दिवस पेशंटनं आणि घरच्यांनी कसे काढायचे, हे बघणं आज कुणाचंच काम नाही. ते कुणाचं तरी ठरवून दिलेलं काम व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे या तपासणीबद्दल वाचून समजून घेणं मला जमलं. टेक्नेशियम-९९एम नावाचं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. हाड जिथं नव्यानं भरत असतं तिथं ते जास्त ओढलं जातं. दोन-चार तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं आणि मग गॅमा कॅमेऱ्याखाली निश्चल पडून राहायचं. हाडात काहीतरी चाललंय हे ही तपासणी फार चांगलं पकडते. पण काय चाललंय हे तिला सांगता येत नाही. कॅन्सर हाडात पसरला तरी डाग दिसतो, संधिवातानं दिसतो, जंतुसंसर्गानं दिसतो, आणि जुळत आलेल्या मोडलेल्या हाडावरही दिसतो. बरगडीवर एकच डाग असेल तर तो बऱ्याचदा जुन्या माराचा निघतो.

साहेब, गेल्या पावसाळ्यात गंगावेशीजवळ माझी स्कूटर घसरली होती आणि मी डाव्या कुशीवरच पडले होते. मुका मार आहे म्हणून हळदीचा लेप लावला, गोळ्या घेतल्या, आठवड्यानं शाळेत रुजू झाले. एक्स-रे काढलाच नाही. स्कॅनच्या आधी भरायच्या फॉर्मवर पूर्वीच्या दुखापतीसाठी एक चौकट होती. काउंटरवरच्या मुलानं माझं नाव आणि वय विचारलं, बाकीच्या चौकटीत मान खाली घालूनच ‘नाही’वर खुणा केल्या आणि सही घेतली. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना माझं पडणं माहीतच नव्हतं. ‘कधी पडला होता का, कुठं मार लागला होता का’ एवढं मराठीत विचारलं असतं तर कदाचित रिपोर्टमधलं वाक्यच वेगळं आलं असतं. डाग तेवढ्यानं निरुपद्रवी ठरला नसता, सीटी करावाच लागला असता, हे मला कळतं. पण रात्री तीनला जाग आल्यावर मनाला धरायला काहीतरी मिळालं असतं.

तीनला रोजच जाग येते. हात आपोआप बरगडीवर जातो. दाबून बघते, दुखतंय का. दुखलं तर वाटतं कॅन्सरच. नाही दुखलं तर वाटतं, दुखत नाही म्हणजे तर नक्कीच. तळवे गार पडतात, छातीत धडधडतं. शेजारी हे झोपलेले असतात, म्हणजे झोपल्यासारखे पडून असतात. त्यांचाही डोळा लागलेला नसतो हे मला श्वासावरून कळतं. सकाळी दोघंही चहा घेताना सीटीचा विषय काढत नाही. जाऊबाई जोतिबाचा गुलाल घेऊन आल्या, कपाळाला लावला आणि रडल्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नात्यातल्या कुणाची तरी गोष्ट सांगितली, जिचा शेवट मला ऐकायचा नव्हता. कुणाचंच चुकत नाही. नेमकं काय चाललंय हे माहीत असतं तर त्यांनाही काय बोलावं ते सुचलं असतं.

स्कॅनच्या दिवशी माझ्या शेजारच्या बाकड्यावर आपल्या गारगोटीकडचे एक काका बसले होते. त्यांचा स्कॅन पंधरवड्यापूर्वीच झाला होता, ते रिपोर्ट दाखवायला आले होते. त्या दिवशी निघताना त्यांना सांगितलं होतं, ‘लहान मुलांपासून लांब राहा.’ किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. पंधरवडाभर ते सोप्यात वेगळे झोपत होते. दोन वर्षांचा नातू पायाशी आला की सुनेला हाक मारून त्याला उचलून न्यायला लावत होते. मला म्हणाले, ‘बाई, अजून किती दिस ह्ये अंगात ऱ्हातंय?’

ते द्रव्य सहा तासांत निम्मं होतं. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, आणि त्यातलंही बरंचसं लघवीवाटे निघून गेलेलं असतं. लहान मुलांना जवळ न घेण्याची काळजी त्या दिवसापुरती, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. मी हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि तिथूनच सुनेला फोन लावला. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं, पण ते सांगायची जबाबदारी कुणावरच नव्हती. आपल्या मतदारसंघातली, राधानगरी-भुदरगड-आजऱ्याची माणसं या तपासणीसाठी एस.टी.नं इथवर येतात, दिवसभर उपाशीतापाशी बसतात आणि न कळलेला कागद घेऊन शेवटच्या गाडीनं परततात. त्या कागदातली धास्ती मग अख्खं घर वाटून घेतं. आपल्याकडे म्हणतात ना, त्यानं हाय खाल्ली. अशी हाय खाल्लेली माणसं मी त्या बाकड्यावर पाहिली, आणि त्यांतल्या काहींना कदाचित काहीच झालेलं नसेल.

यात सरकारनं करण्यासारखं काय, असं आपल्या कार्यालयातून विचारलं जाईल. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला की पोचपावती मिळते आणि दाखला कधी मिळणार ते कळतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं मुदत बांधून दिली आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावेत, असंही भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. म्हणजे कागद मिळण्याची सोय झाली. त्या कागदाचा अर्थ कोण सांगणार आणि कोणत्या तारखेला, याची सोय राहून गेली. ज्या रिपोर्टमध्ये ‘नक्की सांगता येत नाही’ असं असेल, त्याच्यासोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी असावी : काय दिसलं, काय अजून ठरलेलं नाही, पुढची तपासणी कोणती आणि ती किती दिवसांत होईल. खाली एका माणसाचं नाव आणि फोन, जो ठरलेल्या वेळेत उचलला जाईल. तो माणूस डॉक्टरच हवा असं नाही. नीट शिकवलेली सिस्टर किंवा समुपदेशक हे काम उत्तम करील.

पुढच्या तपासणीलाही मुदत हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्याचा लाभ माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांनी घेतला आहे. पण त्या योजनेचा मुख्य भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. निदानच अडकलेला माणूस दाखल कशासाठी होणार? त्याला रांगेत थांबावं लागतं किंवा खिशातून पैसे भरावे लागतात. ज्याला ते परवडत नाही त्याचं थांबणं लांबतं, आणि तेवढीच रात्रीची जागरणंही.

मनाच्या बाजूबद्दल मात्र आपल्याकडे व्यवस्था आहे आणि ती लोकांपर्यंत पोचलेली नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला. चोवीस तास, फुकट, मराठीतही. मला तो शाळेतल्या एका पोस्टरवर सापडला. स्कॅन झाला तिथं कुठंच लावलेला नव्हता. एका पहाटे मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी ‘काही होणार नाही’ असं एकदाही म्हटलं नाही, आणि तेच मला बरं वाटलं. त्यांनी वहीच्या पानाचे दोन भाग करायला लावले : एका बाजूला मला जे माहीत आहे ते, दुसऱ्या बाजूला ज्याची भीती वाटते ते. माहीत असलेली बाजू तीन ओळींत संपली. दुसरी पानभर झाली. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्या पानातूनच निघाले, आणि आता सुचेल तसे ते मी वहीत लिहून ठेवते. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारते. भीती गेलेली नाही. वर्गात उभं राहण्याइतकी ती आवरते. हा नंबर प्रत्येक स्कॅनच्या, बायोप्सीच्या, मोठ्या तपासणीच्या पावतीवर छापायला फार खर्च नाही.

आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन मंत्र्यांकडे आहेत. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, म्हणून मुश्रीफ साहेबांनाही प्रत पाठवते आहे. आपण दोघांनी मिळून सुरुवात सीपीआरमधून करावी : मराठी चिठ्ठी, फोनवर एक माणूस, आणि तपासणीआधी कुणीतरी समोर बसवून ‘कधी पडला होता का’ हे विचारणं. शेंडा पार्कात नवं रुग्णालय उभं राहतंय, तिथं ही पद्धत पहिल्या दिवसापासून असू द्यावी. खासगी केंद्रांना त्यानंतर सक्ती करता येईल. चिठ्ठीचा मराठी मसुदा करायला माणूस हवा असेल तर मी आणि माझ्या शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिका रविवारी बसून तो लिहून द्यायला तयार आहोत. तज्ज्ञ डॉक्टरांनी तो तपासून द्यावा, एवढंच.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि रुग्ण,
कोल्हापूर