नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे

महोदय,

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने निर्वासितांचे पुनर्वसन थांबवले आणि सगळी मंजुरी मिळालेल्या हजारो लोकांची विमानाची तिकिटे रद्द झाली. या विषयावर बरेच लिहिले गेले. पण व्हिएतनामच्या डोंगराळ भागातून पळालेली, बँकॉकमध्ये वर्षानुवर्षे अडकून पडलेली मॉन्तान्यार आणि ह्मोंग या आदिवासी जमातींची कुटुंबे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मी आयुष्यभर जहाजावर नोकरी केली. व्हिएतनामी निर्वासित मी जवळून पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

1981 च्या जूनमध्ये आमचे जहाज जपानहून सिंगापूरकडे येत होते. दक्षिण चीन समुद्रात पहाटे सारंगाला एक होडी दिसली. आमच्या देवगडच्या ट्रॉलरएवढी, इंजिन बंद, आणि तिच्यात बावन्न माणसे. त्यांना वर घेतल्यावर भंडाऱ्याने आधी पातळ पेज केली, उपाशी पोटाला एकदम भात सोसत नाही म्हणून. एका बाईने पाण्याचा पेला बाजूला ठेवला, अंगातल्या कपड्याला आतून शिवलेली प्लॅस्टिकची पिशवी उसवली आणि कप्तानापुढे धरली. आत नवऱ्याचे सैन्यातले ओळखपत्र आणि दोन मुलांचे जन्मदाखले होते. मग ती पाणी प्यायली.

सिंगापूरला पोहोचलो, पण त्यांना उतरता येईना. नव्वद दिवसांत कोणता तरी देश यांना घेऊन जाईल, अशी हमी असल्याशिवाय तिथे निर्वासितांना पाऊल टाकू देत नसत. आठ दिवस आम्ही नांगर टाकून होतो. एजंटाची लाँच दिसली की सगळे कठड्याशी येऊन उभे राहत, पोरेसुद्धा गप्प. नवव्या दिवशी हमीचा टेलेक्स आला.

ते बावन्न जण वेळेवर निघाले होते. जून 1989 मध्ये या निर्वासितांबद्दल जिनिव्हात आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि नियमच बदलला. त्यांना आधी आसरा देणाऱ्या आसपासच्या बहुतेक देशांनी त्याच वर्षीच्या मार्चमधली एक तारीख धरली, हाँगकाँगने तर आदल्या वर्षीची 16 जून. त्या तारखेनंतर जो किनाऱ्याला लागला, त्याने आपला छळ झाल्याचे सिद्ध करायचे. तपासणी असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती कशी झाली? फिलिपिन्स आणि इंडोनेशियात लाच मागितल्याच्या तक्रारी तेव्हाच उघडपणे झाल्या होत्या.

अर्ज फेटाळला की परत जायचे, असा शिरस्ता होता. फेब्रुवारी 1996 मध्ये फिलिपिन्सच्या पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसा छावणीतून लोकांना बळजबरीने विमानात चढवायला सुरुवात झाली. कॅथलिक चर्च मध्ये पडले आणि राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी ते थांबवले. फिलिपिन्सच्या लोकांबद्दल मला यासाठी कायम आदर वाटत आला आहे. पण या लोकांना राहता आले, नागरिक होता आले नाही.

1999 मध्ये मनिलात अशीच एक बाई भेटली. दारोदार चपला आणि अत्तराच्या बाटल्या विकायची. सोबत छावणीत जन्मलेली चार वर्षांची मुलगी. तिथे नागरिकत्व आईबापांवरून मिळते, जन्मस्थानावरून मिळत नाही. त्यामुळे पोरीच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. अर्ज का फेटाळला, असे मी विचारले. ती म्हणाली, कुणी सांगितलेच नाही. मुलाखत वीस मिनिटांची आणि दुभाषा सारखा म्हणत होता, थोडक्यात सांग.

पुढे याच नाकारलेल्या लोकांच्या फायली अमेरिकेने पुन्हा उघडल्या आणि 2005 पासून दीड हजारांहून अधिक जणांना आपल्याकडे घेतले. माणसे तीच, हकीकत तीच. म्हणजे पहिला नकार किती घाईचा होता, ते पाहा. मधली पंधरा-सोळा वर्षे त्यांना कोण भरून देणार? शिवाय या फेरीतही ज्यांनी फिलिपिनो माणसाशी लग्न केले होते त्यांना वगळले. इतकी वर्षे एका गावात काढल्यावर तरुण माणूस संसार मांडणार नाही तर काय करणार? अशा काही कुटुंबांना नंतर कॅनडाने माणुसकीच्या निकषावर घेतले.

आज बँकॉकमध्ये तेच चालू आहे. थायलंडने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपल्याही देशाने नाही), त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे कार्ड खिशात असूनही पोलिसांनी धरले की माणूस बेकायदा घुसखोर ठरतो. दुसऱ्या देशात जाण्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीची मुदत ठरावीक महिन्यांची असते. सुरक्षा तपासणी येईपर्यंत ती संपते, ती पुन्हा करावी तर दुसऱ्या कागदाची मुदत टळते. आपल्याकडची मुले व्हिसाची तारीख मिळत नाही म्हणून हवालदिल होतात, तेही खरेच. पण त्यांच्याकडे पासपोर्ट असतो, आणि काही नाही झाले तरी परतायला घर असते.

या लोकांना सरसकट व्हिसा द्या, असे माझे म्हणणे नाही. नकार द्यायचा तर कारण लेखी द्या, अर्जदाराला कळेल अशा भाषेत. मुलाखतीची नोंद त्याला वाचून दाखवा. अपील वेगळ्या अधिकाऱ्यापुढे चालू द्या, आणि छावणीत जन्मलेल्या मुलांचा विचार आईबापांच्या फायलीबाहेर स्वतंत्रपणे करा.

कॅनडातल्या मराठी वाचकांना एक विनंती. 1979 मध्ये तिथल्या साध्या नागरिकांनी पाच-पाच जणांचे गट करून, स्वतःच्या खिशातून खर्च करून हजारो व्हिएतनामी कुटुंबे आणली. नोव्हेंबर 2024 मध्ये अशा गटांचे नवे अर्ज घेणे सरकारने थांबवले. माझी पुतणी टोरांटोत असते. हे दार पुन्हा उघडावे म्हणून तिने तिच्या खासदाराला पत्र लिहिले आहे. तुम्हीही आपापल्या खासदाराला लिहा.

– एक निवृत्त दर्यावर्दी, देवगड (जि. सिंधुदुर्ग)