बाबांच्या शंकेचं उत्तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, की मी दुरुस्त करून विकते ते कारखान्यातले जुने दिवे लोक घेतात ते घेतात, पण कुणाला शॉक बसला म्हणजे? तेव्हा "नाही बसत हो" म्हणून वेळ मारून नेली. आज सवड आहे, नीट लिहिते.

जुनी वायर मी ठेवतच नाही. तिचं रबर इतकं वाळलेलं असतं की वाकवलं की भुगा पडतो. सगळं काढून नवा होल्डर, नवी थ्री-कोअर वायर, पत्र्याला अर्थिंग, आणि मग मेगर, म्हणजे वीज कुठे झिरपते का ते मोजणारं यंत्र, लावून तपासणी. पाऱ्याच्या दिव्यांचे जडशीळ चोकही जातात, तिथे साधा एलईडी बल्ब लागतो. वायरीवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असल्याची नुसती शंका आली तरी तो दिवा घेत नाही. तेव्हा आई, तू निर्धास्त राहा.

बाहेरून मात्र मी हात आखडता घेते. घासूनपुसून लख्ख कर, असं तू म्हणतेस. पण साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, याच्यापुढे मी जात नाही. दिव्याच्या शेडवर, म्हणजे वरच्या पत्र्याच्या टोपीवर, रंग नसतोच. काचेची पूड पोलादी पत्र्यावर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली असते. बाहेरून हिरवी किंवा काळी, आतून पांढरी, म्हणजे उजेड खाली मशीनवर पडावा. ती वर्षानुवर्षं विटत नाही, पण आपटली की टवका उडतो. माल बघायला गेले की मी आधी टवकेच शोधते. बॅटरीच्या उजेडात कडेला निरखून पाहिलं की वरचा थर, त्याखाली काळपट निळा पहिला हात आणि मग गंजलेला पत्रा असे पदर वेगवेगळे दिसतात. नव्या पत्र्यावर रंग मारून मुद्दाम गंजवलेली शेड असली तर ते पदर नसतात, आणि नखाने टिचकी मारली तर आवाजही बद्द येतो. असले नकली दिवे बाजारात पुष्कळ आहेत. म्हणून मी प्रत्येक टवक्याचा जवळून फोटो काढून तोच आधी दाखवते. गिऱ्हाईक पळेल असं वाटतं ना? उलट विश्वास बसतो.

मिळवण्याचं म्हणाल तर इमारत पाडायच्या आधी कंत्राटदाराला गाठावं लागतं. छताजवळचे दिवे गॅसकटरने कापून खाली टाकले की संपलंच. शिवाय माल शक्यतो एका रांगेतला हवा. सारख्या सहा दिव्यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं, एकटा दिवा पडून राहतो.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. फ्रान्समध्ये लियों शहरात झ्याँ-लुई दोमेक नावाचे एक मेकॅनिक होते. कामाच्या जागी हवा तसा वळणारा, दणकट दिवा मिळेना, म्हणून १९५० मध्ये त्यांनी स्वतःच तयार केला. वळवून वळवून वायर सांध्यापाशी तुटते, हे तुम्हीही किती वेळा बोलून दाखवलंय. त्यांनी सांध्यातून वायर नेलीच नाही, वीज सांध्यातल्या धातूच्या कड्यांमधूनच पुढे जाते. नाव ठेवलं 'जिएल्दे', स्वतःची जे, एल, डी ही आद्याक्षरं फ्रेंच उच्चाराने जोडून. हे दिवे आजही बनतात, तरी जुन्यांना मागणी जास्त. मला अजून एकही हाताला लागलेला नाही, पण डोळा आहे!

आता तुमची मदत हवी आहे. हल्लीच्या खेपेतल्या प्रत्येक शेडवर कुणीतरी ब्रशने पांढरा आकडा घातलाय, आणि काहींच्या आकड्याखाली आडवी रेघ आहे. मशीनचा नंबर म्हणावा, तर एकच आकडा दोन शेडवर आहे. तुमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये असं काही करत असत का? फोटो पाठवते, मोठे करून बघा आणि आठवेल ते कळवा. तोवर ही खेप मी विकायला काढत नाही.

आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिहा.

तुमची,
लेक