जोडगोळ्यांचीही परीक्षा घ्या

महोदय,

मे 2021 मध्ये वडिलांना करोना झाला, तेव्हा प्रिस्क्रिप्शनवर झिंक, व्हिटॅमिन सी, अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अशी जोडीला दिलेल्या गोळ्यांची रांगच होती. झिंकच्या उरलेल्या पाकिटावर आईने निळ्या पेनाने लिहिलेलं ‘जेवणानंतर’ अजून दिसतं. करोनावरची औषधं तपासणाऱ्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डिसेंबर 2020 मध्येच दाखवलं होतं, की दाखल रुग्णांना अझिथ्रोमायसिनचा फायदा नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र उपयोग झाला नाही. हे कळलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे औषध मिळणारे आणि न मिळणारे गट पाडून तुलना केली म्हणूनच. पेटंट संपलेल्या औषधांच्या अशा चाचण्यांवर कंपन्या सहसा पैसा घालत नाहीत. तो सरकारने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) घालावा.

– एक वाचक, सातारा