ल्युपस शिवल्याने होत नाही

महोदय,

गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठला की काही घरांत त्या मुलीचे ताट, टॉवेल वेगळे होतात. हे थांबायला हवे. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, शिवल्याने पसरत नाही. रक्त बिघडल्याने किंवा कुणाच्या पापानेही होत नाही. कल जनुकांत असतो, पण तेवढे पुरत नाही: एकसारख्या जुळ्या बहिणींतही अनेकदा एकीलाच तो होतो.

आजार उसळवणाऱ्या गोष्टींत ऊन मोठे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातले द्रव्य उघडे पडते आणि प्रतिकारशक्ती त्यावरच तुटून पडते. यातले काही किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. म्हणून किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर २ तासांनी, आणि पूर्ण बाह्या. धूम्रपान, जंतुसंसर्गही घातकच. क्षयाच्या आयसोनियाझिडमुळे क्वचित ल्युपससारखी लक्षणे दिसतात. डॉक्टरांनी औषध बदलले की ती बहुधा ओसरतात. गोळी परस्पर मात्र थांबवू नये.

ल्युपसच्या संशयावरून होणारी एएनए ही रक्तचाचणी निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून घाबरू नका. खरी काळजी वाटते ती बरे वाटताच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचे औषध सोडणाऱ्यांची. आजार पुन्हा भडकतो तो अनेकदा त्यामुळेच.

– एक संधिवाततज्ज्ञ, पुणे