स्का म्हणजे घाईघाईने वाजवलेला रेगे नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील कॅरिबियन संगीतावरचा लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात जमैकाच्या संगीताला अर्धे पान मिळाले याचा आनंद आहेच. परंतु त्या लेखातील दोन विधाने खटकली आणि ती तशीच राहू नयेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे, की ‘स्का’ हा रेगेचाच एक जलद, नाचासाठी बेतलेला प्रकार आहे. दुसरे असे, की न्यूयॉर्कच्या ‘द स्लॅकर्स’सारखे आजचे बँड जुन्या जमैकन ध्वनिमुद्रिकांची नक्कल करून स्मरणरंजनाचा धंदा करतात. पहिल्या विधानात कालक्रमच उलटा झाला आहे. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, पण ते ज्यांना लागू केले आहे त्यांना लागू पडत नाही.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा किंग्स्टनच्या गल्ल्यांतून स्का वाजत होता. त्याची लय मंदावून १९६६ च्या सुमारास रॉकस्टेडी आले आणि १९६८ च्या आसपास त्यातून रेगे निघाले. ज्या बॉब मार्ली यांच्यापासून लेखाची सुरुवात केली आहे, त्यांच्या वेलर्स या गटाचे १९६४ मधील पहिले गाजलेले गाणे ‘सिमर डाउन’ हे चक्क स्का आहे आणि त्यामागे वाजवणारी मंडळी स्कॅटलाइट्स या किंग्स्टनच्या स्का वाद्यसंचाची आहेत. तेव्हा स्काला रेगेचा प्रकार म्हणणे म्हणजे आजोबांना नातवाच्या नावाने ओळखण्यासारखे झाले. गावाकडे असे होते खरे, पण लेखात होऊ नये.

स्काचा जन्म कसा झाला, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. वास्तविक सारी गंमत तिथेच आहे. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमध्ये नाचगाण्याची हौस भागवत ती ‘साउंड सिस्टिम’, म्हणजे कपाटाएवढे कर्णे, अँप्लिफायर आणि तबकड्यांचा गठ्ठा घेऊन मैदानात मांडलेला फिरता जलसा. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड, ड्यूक रीड आणि पुढे प्रिन्स बस्टर हे त्यातले बडे मालक. वाजायचे ते अमेरिकेतून आणलेले ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे ठेकेबाज संगीत. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली तबकडी, त्याच्याकडे गर्दी. म्हणून तबकडीवरची चिठ्ठी खरवडून काढण्याची रीत पडली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हेराला गाण्याचे नाव कळू नये. डॉड यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सन यांची अशीच एक तबकडी खरवडून तिला ‘कॉक्सन हॉप’ असे स्वतःचेच नाव देऊन टाकले होते. पुढे अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली, हवा तो माल तिकडून येईनासा झाला आणि या मालकांनी स्थानिक वादकांना हाताशी धरून स्वतःच गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. वादकांनी ऱ्हिदम अँड ब्लूजचा ठेका उचलला खरा, पण वाजवता वाजवता त्याचा भार सरकवला. तो सरकलेला भार म्हणजेच स्का.

हे वादक कुठून आले, हाही प्रश्न लेखात आला नाही. स्कॅटलाइट्सच्या मूळ संचातील टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही किंग्स्टनच्या आल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकले. जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, चालवलेली ही शाळा गरीब आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी होती. तिथे सुतारकाम, छपाई यांच्याबरोबर बँडचेही कडक शिक्षण मिळे आणि सिस्टर मेरी इग्नेशस डेव्हिस या संगीतवेड्या जोगिणीचा मुलांवर विशेष लोभ असे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि सिनेमाच्या स्टुडिओंत पार्श्वसंगीत वाजवणारी गोंयकार मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. तिथेही नोटेशन साहेबाचे आणि वाजवण्यातली मिजास स्वतःची, असाच प्रकार होता.

आता ठेक्याविषयी. लहानपणी सांगलीत काही वर्षे तबला शिकलो, तेवढ्याच भांडवलावर हे लिहितो. जाणकारांनी सांभाळून घ्यावे. चार मात्रा ‘एक-आणि-दोन-आणि’ अशा मोजा. स्कामध्ये गिटार आणि पियानो प्रत्येक ‘आणि’वर वाजतात, म्हणजे मात्रेवर कधीच नाही, दोन मात्रांच्या मधोमध. ड्रमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि बेस मात्र जॅझसारखा चारही मात्रांवर पावले टाकत चालतो. स्कॅटलाइट्सचे ड्रमवादक लॉइड निब यांनी हा ठेका पक्का केला आणि ढोलवादक काउंट ऑसी यांच्या रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) मंडळींकडे ऐकलेल्या हातढोलांचा रंग त्यात मिसळला. रॉकस्टेडीत लय निम्म्याच्या आसपास येते, बेस चालायचे सोडून गायला लागतो. रेगेच्या प्रसिद्ध ‘वन ड्रॉप’मध्ये तर पहिल्या मात्रेवर ड्रम गप्पच असतो, सारा भार तिसरीवर. म्हणजे समेवर शांतता! आमच्या गुरुजींनी हे ऐकले असते तर पाठीत धपाटा घातला असता. हे तीन निरनिराळे ठेके आहेत. एकाचा वेग वाढवल्याने दुसरा होत नाही. दुगुन केलेला दादरा जसा केरवा होत नाही, तसेच हे.

रॉकस्टेडी कसे आले, याविषयी लेखात ‘१९६६ च्या उन्हाळ्यात इतका उकाडा होता की लोकांना जलद नाचवेना’ अशी कथा दिली आहे. कथा जुनी आणि गोड आहे, पण मला ती पटत नाही. किंग्स्टनला उकाडा नवा नव्हता. स्कॅटलाइट्स हा संच जेमतेम सव्वा वर्ष टिकला आणि १९६५ मध्ये फुटला; त्याच वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला संचाचे ट्रॉम्बोनवादक ड्रमंड यांच्या हातून त्यांची सखी, नर्तिका मार्गारिटा हिचा खून झाला होता आणि ते मनोरुग्णालयात गेले ते परतले नाहीत. पाच-सहा फुंकवाद्यांचा ताफा सांभाळणे परवडेनासे झाले, लहान संच आले, बेसला जागा मोकळी झाली आणि गायकांचे त्रिकूट पुढे आले. उकाड्यापेक्षा हे कारण मला अधिक खरे वाटते.

आता स्लॅकर्सविषयी. नोकरीनिमित्त काही वर्षे मी न्यूयॉर्कमध्ये होतो. त्या काळात या बँडला तीनदा ऐकले, तेही अगदी लहान जागेत, रंगमंचापासून चार हातांवर. पहिल्या खेपेला मी सवयीने समेवर टाळी देत होतो. शेजारी टोपी घातलेले एक वयस्कर कॅरिबियन गृहस्थ उभे होते. त्यांनी काही न बोलता माझे मनगट हलकेच धरले, एक मात्रा थांबवले आणि दुसरीवर सोडले. पुढची दोन गाणी मी त्यांच्या हाताकडे पाहूनच टाळी दिली. नंतर गिटारवादकाकडे लक्ष गेले. त्याचा उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा एकसारखा फिरत होता आणि खरे काम डावा हात करत होता: तार छेडली जाताक्षणी बोटे दाबलेल्या जागेवरून किंचित उचलायची, म्हणजे स्वर उमटतो न उमटतो तोच मिटतो आणि ‘च्चक’ असा कोरडा नाद उरतो. बोट उचलायला केसभर उशीर झाला तर स्वर सांडतो आणि ठेका लिबलिबीत होतो. तासाभराच्या कार्यक्रमात ही उचल काही हजार वेळा करावी लागते. हे तबकडीवरून उतरवून घेता येत नाही, अंगात मुरवावे लागते.

हा बँड १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. ब्राँक्सचे व्हिक रुजिएरो ऑर्गन वाजवत गातात, ग्लेन पाइन ट्रॉम्बोन वाजवतात आणि गातातही, टेनर सॅक्सोफोनवर डेव्हिड हिलयार्ड. हिलयार्ड त्यापूर्वी कॅलिफोर्नियात ‘हेपकॅट’ या बँडमध्ये होते. साठच्या दशकातील जमैकन स्वरमेळ अमेरिकेत पुन्हा निगुतीने मांडणाऱ्यांत हेपकॅटचे नाव आधी घ्यावे लागेल. स्लॅकर्सचा पहिला अल्बम ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ १९९६ मध्ये मून स्का या कंपनीने काढला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पंक मिसळलेला, सुसाट वेगाचा स्का अमेरिकेच्या रेडिओवर धो धो वाजत होता. ती लाट ओसरली आणि मून स्का कंपनीही २००० च्या सुमारास बंद पडली. त्या लाटेवर स्वार न झालेले स्लॅकर्स मात्र वाजवत राहिले आणि २०२२ मध्येही त्यांचा नवा अल्बम आला. लाट ओसरल्यावर जो धंदा टिकतो, त्याला स्मरणरंजन म्हणावे का, याचा लेखकांनी विचार करावा.

नक्कल करणारे बँड आहेत, हे मी नाकारत नाही. टोपी, अरुंद टाय, कोट सारे तंतोतंत. मुद्रणात जुन्या तबकडीची खरखरसुद्धा मुद्दाम मिसळलेली. ऐकताना संग्रहालयात काचेआडची भांडी पाहिल्यासारखे वाटते. स्लॅकर्सच्या संगीतात ठेका किंग्स्टनचा आहे, पण उच्चार ब्राँक्सचा, वातावरण न्यूयॉर्कचे आणि मधूनच जुन्या रॉक अँड रोलचा हिसका. त्यांच्या २०१० च्या अल्बमचे नाव ‘द ग्रेट रॉकस्टेडी स्विंडल’, म्हणजे आपण रॉकस्टेडीच्या नावाने लोकांना गंडवतो आहोत, अशी स्वतःचीच टिंगल. इराक युद्धाच्या काळात त्यांनी युद्धाविरोधात गाणी केली. किंग्स्टनची मूळ गाणीही आपल्या गल्लीतल्या भांडणांवर आणि बेकार पोरांवरच होती. तेव्हा आपल्या शहराविषयी गाणे हीच या परंपरेची रीत, साठ सालच्या किंग्स्टनविषयी गाणे ही नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर डॉड यांनी १९६३ मध्ये स्टुडिओ वन सुरू केला, तेव्हा एक-दोन ट्रॅकच्या यंत्रावर सारा संच एकाच खोलीत एकदम वाजवत असे. वादकाला गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे आणि विषय संपे. हक्क निर्मात्याकडे राहत आणि तबकडीवर वादकाचे नाव बहुधा नसे. पुढे ती गाणी जगभर विकली गेली, तेव्हा ही मंडळी वयाने थकली होती. पुनरुज्जीवन करणाऱ्या बँडची पारख मी यावर करतो, की त्यांनी त्या माणसांचे काय केले. स्लॅकर्सनी ‘स्लॅकर्स अँड फ्रेंड्स’ या अल्बमसाठी स्कॅटलाइट्सच्या गायिका डोरीन शेफर आणि अपसेटर्स या जमैकन संचाचे ऑर्गनवादक ग्लेन अॅडम्स यांच्यासारख्या जुन्या जमैकन कलावंतांना बोलावले आणि आपण मागे बसून साथ केली. हिलयार्ड यांच्या ‘रॉकस्टेडी सेव्हन’ या दुसऱ्या संचात जमैकाचे ज्येष्ठ तालवादक लॅरी मॅकडॉनल्ड वाजवत आले आहेत. ऐकीव विद्या समोर बसून घेतली जाते तेव्हा तिला आपण तालीम म्हणतो; नक्कल म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये हे आधीच घडले होते. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या ‘टू टोन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्पेशल्स हा बँड पुढे आला, तेव्हा ‘अ मेसेज टू यू, रुडी’ या जुन्या गाण्यात ट्रॉम्बोन वाजवला तो रिको रॉड्रिग्ज यांनी. हे आल्फा शाळेतच शिकले, ड्रमंड यांचा हात त्यांच्यावरून फिरलेला, आणि याच गाण्याच्या १९६७ मधील मूळ मुद्रणातही ट्रॉम्बोन त्यांचाच होता. बारा वर्षांनी तोच माणूस, तेच गाणे, भोवती वेगळी पोरे. आपल्याकडेही २००९ पासून दिल्लीचा ‘स्का व्हेंजर्स’ हा बँड स्का वाजवतो आहे. लेखाला भारतीय संदर्भ हवा होता, तर तो इतका जवळ होता.

पुढील रविवारी रॉकस्टेडीवर दुसरा भाग येणार असल्याचे लेखाच्या शेवटी वाचले. त्यात ड्यूक रीड यांचा ट्रेझर आयल स्टुडिओ येईलच. तो त्यांच्या दारूच्या दुकानाच्या माडीवर होता, हा तपशील लेखकांच्या नजरेतून सुटू नये. एक विनंती मात्र आवर्जून करतो. प्रत्येक गाण्यासोबत गायकाचे नाव छापाल, तसे जिथे माहीत असेल तिथे ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांचेही छापावे. जागा कमी पडत असल्यास या पत्रातला माझ्या तबल्याचा परिच्छेद कापला तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली